अर्धेलीची कोंबडी

सासूबाईंच्या माघारी त्यांची कोंबडी आमच्याकडे आली आणि म्हातारपणी तिनं आमच्या बाकीच्या कोंबड्या सोलायला घेतल्या. सोलायला हा शब्द मी रागानं वापरत नाही. शेपटीच्या वर, पाठीवर, जिथं कोंबडीची स्वतःची चोच पोचत नाही, तिथली पिसं ती एकेक करून उपटायची. रक्ताचा ठिपका दिसला की बाकीच्याही त्याच ठिपक्यावर तुटून पडायच्या. त्यांत ज्यांची पाठ कालच उघडी पडली होती त्या सगळ्यांत पुढे असायच्या. चार माणसांत राहिलेल्याला याचं नवल वाटणार नाही. मलाही वाटलं नाही. मला फक्त त्रास झाला.

मी आधार, धरणगावात एका जिनिंगमध्ये फिटर होतो. कापसाचा हंगाम सुरू झाला की आठवड्यातून एक रविवार मिळायचा, आणि तो परसात खाट टाकून पडण्यात घालवावा एवढीच माझी या जगाकडून अपेक्षा होती. कोंबडीनं ती मोडून काढली.

ती घरात कशी आली हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या सासूबाई, झुंबरबाई, सोनगीरला एकट्या राहायच्या. मुलगा नाही, दोन मुली. थोरली द्रौपदा, धाकटी पार्वता. पार्वता माझी बायको. दोघी धरणगावातच दिलेल्या, मध्ये दोन गल्ल्या. सासूबाईंजवळ शेवटी एक तांबडी कोंबडी उरली होती आणि त्यांचं सगळं बोलणं तिच्याशीच चालायचं. आम्ही भेटायला गेलो तर आमच्याशीही त्या तिच्यामार्फतच बोलायच्या. जावयानं चपला दारात काढल्या नाहीत तर "देख व माय, कसा उना," म्हणजे बघ कसा आला, असं कोंबडीला सांगायच्या.

त्या गेल्या. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर ओळीनं बसून पिंडाकडे पाहत होते. मग रीतीप्रमाणे एकेकानं हात जोडून कबुली द्यायला सुरुवात केली. गेलेल्याच्या मनात जे अडकलं असेल ते आम्ही पार पाडू असं म्हटलं की कावळा शिवतो. चिंधा मामा म्हणजे सासूबाईंचे भाऊ. ते म्हणाले, घर पडू देणार नाही. कावळा हलला नाही. मी म्हणालो, पार्वताला सुखात ठेवीन. एका कावळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात मागे बायकांत उभ्या असलेल्या दोघी बहिणी, एक या टोकाला, एक त्या टोकाला, एकदमच बोलल्या, "माय, तुन्ही कोंबडी मी सांभाळसू."

कावळा आला, पिंडाला चोच लावली आणि घास घेऊन गेला. कोणाच्या शब्दावर आला ते त्याला विचारायचं राहून गेलं.

द्रौपदाअक्काचा आवाज आधी निघाला, असं तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बायकांनी सांगितलं. पार्वताचा आधी निघाला, असं पार्वताच्या शेजारच्या म्हणाल्या. सोनगीरहून परत येताना एसटीत तीन जणांच्या बाकावर एका खिडकीशी अक्का, दुसऱ्या टोकाला पार्वता आणि मध्ये मी, मांडीवर कोंबडी घेऊन. अक्काचा नवरा निंबा, म्हणजे माझा साडू, शहाणा माणूस. तो मागच्या बाकावर जाऊन झोपला. अमळनेरपर्यंत दोघी भांडल्या, अमळनेरनंतर गप्प झाल्या. तो अबोला मग सुटलाच नाही.

चिंधा मामांनी निवाडा केला. अक्काकडे परस नाही, नुसता ओटा. म्हणून कोंबडी पार्वताकडे राहील, पण अर्धेलीनं. आमच्याकडे कोंबड्या, शेळ्या अशा अर्धेलीनं ठेवायची जुनी चाल आहे. सांभाळणारीनं सांभाळायचं, पिल्लं झाली की निम्मी तिची, निम्मी दुसरीची. दोघींनी मान डोलावली. एकमेकींकडे पाहून नव्हे, मामांकडे पाहून.

निवाडा चालला. कोंबडी खुडूक बसायची, पिल्लं निघायची, ती जरा मोठी झाली की अक्का पाटी घेऊन वाटा न्यायला यायची. धाकट्या बहिणीशी एक शब्द नाही. खुराड्याशी वाकून कोंबडीला विचारायची, "काय माय, दुबळी दिसस. कोनी खावाले देस नही का तुले?" आणि चुलीशी बसलेली पार्वता आतूनच कोंबडीला उत्तर द्यायची, "सांग तिले माय, दोन्ही टाइम दादर ज्वारीनी भाकर चुरीसन देस मी." असं तास तास चालायचं. गल्लीत कोणाचं लग्न ठरलं, कोणाची सून माहेरी निघून गेली, अक्काचे गुडघे कसे आहेत, सगळं कोंबडीच्या कानावर घातलं जायचं. कोंबडी मध्ये बसून दाणे टिपत राही. ती चांगली श्रोती होती, एवढं मी तिच्या बाजूनं सांगतो.

मग ती खुडूक बसायचीच थांबली. वय झालं. पिल्लं नाहीत म्हणून वाटा नाही, वाटा नाही म्हणून अक्का नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, अक्काचा पाय आमच्या दाराला लागला नाही. आणि त्याच हिवाळ्यात कोंबडीला ही टोचण्याची खोड लागली.

त्या आधी थोडे दिवस मी कोंबड्यांना एक जाळीदार घर बांधून दिलं होतं. शेजारच्या हिलालनं मेथी लावली होती, आमच्या कोंबड्या ती खायच्या आणि हिलाल मला खायचा. म्हणून मी भंगारातली जाळी आणून, पाइपाचे खांब करून, वर पत्रा टाकून असं काम केलं की जिनचा मुकादम बघायला आला होता. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला टोचण्याचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, दाटीवाटी झाली की कोंबड्या असं करतात, जागा मोकळी करा. मी म्हणालो, तुम्ही ती जाळी पाहिली नाही. तो म्हणाला, न पाहताच सांगतोय.

तरी जाळीचं दार मी काढून ठेवलं. डॉक्टरनं सांगितलं म्हणून नाही, बिजागरीला तेल द्यायचं होतं. कोंबड्या पुन्हा परसभर फिरायला लागल्या, हिलाल पुन्हा कुंपणाशी येऊन उभा राहायला लागला, पण आमच्या बयेची खोड गेली नाही. एकदा लागलेली चटक जागेवर थोडीच अवलंबून असते.

पार्वतानं जखमांना हळद आणि निंबोळीचं तेल लावलं. त्यामुळे पिवळा ठिपका लांबून दिसायला लागला आणि टोचणारीचं काम सोपं झालं. मग राख लावली. मग कोणी सांगितलं, त्यांना चोचीला उद्योग द्या. म्हणून मी यावलच्या एका ओळखीच्याकडून केळीचा दांडा आणून शेवग्याला टांगला. बाकीच्या कोंबड्या खुशीत त्याला टोचू लागल्या. ती दांड्याखाली जाऊन बसली आणि जी टोचायला येईल तिला टोचू लागली. दुपारी माझ्या डोळ्याला डोळा लागला की परसातून किंचाळी. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते असं.

तिचं नाव कोणी ठेवलं नव्हतं. मी मनात तिला सासूबाई म्हणायचो. एकदा तोंडातून निघून गेलं तर पार्वता दोन दिवस माझ्याशीही कोंबडीमार्फत बोलली.

डॉक्टरनं दुसरा उपाय सांगितला होता. वरच्या चोचीचं टोक थोडं बोथट करायचं. नख कापल्यासारखं असतं, म्हणाला. आता चोच बोथट करायची तर फिटरपेक्षा लायक माणूस कोण? मी बारीक कानस काढली, पुसली, आणि पार्वताला म्हणालो, धर तिला. पार्वतानं कोंबडी पदराखाली घेतली. म्हणाली, अर्धी अक्काची आहे, अक्काला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी म्हणालो, चोच काय अर्धी अर्धी असते का? ती म्हणाली, विचारून या.

गेलो. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं सुपातला एक खडा काढून फेकला. मग म्हणाली की आपल्या वाट्याच्या चोचीला हात लावायचा नाही, पार्वताच्या वाट्याचं पार्वतानं बघावं. वरची चोच हिची की खालची, असं विचारावंसं वाटलं, पण साडू आतून मान हलवत होता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तिथं मला चहाही मिळाला नाही. कानस पुन्हा पेटीत गेली.

मग एका शनिवारी कामावरून आलो तर परसात पांढरी तलंग मरून पडली होती. पहिलं अंडं द्यायच्या बेताला आलेली, गोड कोंबडी होती. पाठ पार उघडी. आमची बया शेजारी मान तिरकी करून उभी. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. तलंग माझ्या हातचे दाणे खायची. मी बायकोला सांगून टाकलं, उद्या रविवार आहे, मसाला वाट. सासूबाई असती तरी सोडली नसती.

 मेलेली तलंग उचलून पार्वतानं शेवग्याखाली खड्डा केला आणि पुरली. हात धुऊन आली. मग पाट्याजवळ बसली, पण मसाल्याचं काही काढलं नाही. मला वाटलं आता कावळ्याचं, आईला दिलेल्या शब्दाचं निघणार. ते निघालं नाही. ती पाट्याकडे बघत म्हणाली, "ती गई ते अक्का कसाले येई आठे? पिल्लं बंद व्हयनात तधळपासून उनी नही. पन कोंबडी शे तोपर्यंत कधी ना कधी येईच ना. वाटा शे तिना." म्हणजे कोंबडी गेली तर अक्काला इथं यायला काही कारणच उरणार नव्हतं.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं मला एवढं सरळ काही सांगितल्याचं आठवत नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी म्हणालो, मग करायचं काय, सगळ्या मरू द्यायच्या?

तेव्हा तिनं सांगितलं की उपाय आहे. आईच करायची. टोचकी कोंबडी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, बाजार ते बाजार, म्हणजे आठवडाभर, डालग्याखाली. मालकीण घरात नाही म्हटल्यावर मागे बाकीच्या आपली नवी उतरंड लावून घेतात. परत आणली की तिची पाटीलकी गेलेली असते, गुमान कोपऱ्यात राहते. मी विचारलं, मग इतके महिने हळद, राख, केळीचा दांडा हे कशासाठी? ती म्हणाली, दुसऱ्याच्या घरी म्हणजे कोणाच्या? आईची कोंबडी परक्याकडे ठेवायची का? आणि अक्काकडे दिली आणि अक्कानं परत आणलीच नाही तर? कावळा आपल्याच शब्दाला आला असं अक्का आजही म्हणते.

एवढं सगळं होतं तर. मी कोंबडी डालग्यात घातली आणि त्याच संध्याकाळी अक्काच्या ओट्यावर नेऊन ठेवली. सांगितलं, बाजार ते बाजार. अक्कानं डालग्यात डोकावून पाहिलं आणि आत नेलं. या खेपेला चहा मिळाला.

आमच्या परसात शांतता झाली. दोन दिवस कोंबड्यांनी आपसात थोडं धुमशान घातलं, मग एक करडी पुढे झाली आणि बाकीच्या मागे. पाठींवर कोवळी पिसं फुटायला लागली. मी रविवारी खाट टाकून झोपलो. झोप चांगली लागली नाही, कारण पार्वता सकाळपासून चौथ्यांदा परस झाडत होती.

बाजार आला आणि गेला. अक्का आली नाही.  दुसरा बाजार गेला. पार्वतानं खुराड्यातली सासूबाईंची जागा, कोपऱ्यातलं ते गवत, काढून टाकलं. मी ते पाहिलं आणि चपला घातल्या.

अक्काच्या घरी कोंबडी डालग्याखाली नव्हतीच. अक्काच्या मांडीवर होती. अक्का तिला भिजवलेली डाळ एकेक दाणा करून चारत होती आणि सांगत होती की रात्री गुडघा कसा ठणकला. साडू म्हणाला, घरात सध्या हेच चालू आहे, मला भाकरीही हिच्यानंतर मिळते. मी अक्काला म्हणालो, दोन बाजार झाले, पार्वता वाट पाहतेय. अक्का कोंबडीकडेच बघत म्हणाली, "माले कोनी बलावणं धाडं का?"

म्हणजे इकडे एक आणून देण्याची वाट पाहत बसली होती आणि तिकडे दुसरी बोलावण्याची. मध्ये मी दोन बाजारांच्या पिशव्या वाहून आणल्या, पण कोणी मला काही सांगितलं नाही. मी म्हणालो, अक्का, हेच बोलावणं समजा. ती म्हणाली, तुम्ही कोण बोलावणारे? पण उठली, लुगडं झटकलं आणि पाटी घेतली.

दिवेलागणीला कोंबडी खुराड्यात सोडली. आईची रीत अशीच होती, अंधार पडताना सोडायची, म्हणजे सकाळपर्यंत बाकीच्यांना वाटतं ही इथलीच. सकाळी दार उघडलं आणि सासूबाईंची पाटीलकी खरंच गेलेली दिसली. जरा जास्तच गेली होती. करडीनं तिला दाण्यांजवळ येऊ दिलं नाही. ती येईल तिकडून टोले. म्हातारी शेवग्याच्या बुंध्याशी दबून उभी राहिली. जिनं इतके महिने सगळ्यांना सोललं तिला आता सगळे मिळून सोलणार हे उघड होतं. मला वाटलं, बरी खोड मोडली. पार्वताला मात्र ते बघवेना. आणि रात्री घरी जाऊन सकाळी पुन्हा आलेल्या अक्काला तर अजिबात बघवेना.

मग एक नवीन रीत सुरू झाली. सकाळी घरचं आटोपलं की अक्का हातात तूरकाठी घेऊन यायची, शेवग्याखाली गोणपाटावर बसायची आणि आईच्या कोंबडीचं खाणं होईपर्यंत करडीला हाकलायची. मग दुपारीही येऊ लागली. पार्वता दुसऱ्या बाजूनं सूप घेऊन बसायची. एकमेकींशी बोलणं नाहीच. "माय, सांग तिले, करडीले तिकडथून हाक." "माय, सांग तिले, माले डोळा शेतस." म्हातारी दोघींच्या मध्ये बसून सावकाश खायची. तिला एवढा मान पाटीलकीतही मिळाला नव्हता. हिलालनं कुंपणावरून विचारलं, दोन बायका एका कोंबडीला राखताहेत, काय अंडं सोन्याचं देते का? मी म्हणालो, अंडंच देत नाही.

वैशाखात जळगाव-धुळ्याकडे ऊन कसं पडतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पत्रे तडतडतात. पार्वतानं शेवग्याखाली ओलं गोणपाट टाकलं, अक्कानं पाण्याचं परळ आणलं. एका दुपारी म्हातारीनं पाण्यात चोच घातली आणि ती बाहेर काढलीच नाही. अक्कानं तिला उचललं तेव्हा मान लोंबत होती. दोघी रडल्या. मीही तिथंच होतो. दोघींनी मिळून तिला पांढऱ्या तलंगेशेजारी पुरली, माती सारखी केली, आणि अक्का पाटी घेऊन निघून गेली. जाताना कोणाला काही सांगून गेली नाही, कारण जिला सांगायचं ती आता नव्हती.

दुसरा दिवस रविवार होता. पार्वतानं सकाळी उठून शेवग्याखाली झाडलं आणि अक्काचं गोणपाट अंथरलं. मी म्हणालो, कशाला अंथरतेस, आता अर्धेली संपली, ती काय म्हणून येईल? तिनं ऐकलं नाही असं केलं. करडी आणि बाकीच्या परसभर आपापल्या जागी चरत होत्या. एकीच्याही पाठीवर जखम नव्हती. पार्वता दाराकडे पाठ करून गहू निवडत बसली. उन्हं शेवग्याच्या बुंध्यावरून सरकली, रोजची वेळ टळून गेली. तिनं तेच गहू पुन्हा सुपात घेतले.

कडी वाजली. अक्का आत आली. हातात तूरकाठी नव्हती, पाटी नव्हती, काहीच नव्हतं. गोणपाटावर बसली. पदरानं घाम पुसला. सवयीनं तिनं समोर खाली बघितलं, जिथं म्हातारी असायची तिथं, आणि तोंड उघडून पुन्हा मिटलं. पार्वताचा हात सुपातच राहिला. मी खाटेवर होतो.

"पार्वता," अक्का म्हणाली, "च्या ठेव."

पार्वता उठली. तिच्या मांडीवरच्या सुपातले गहू सगळे खाली सांडले आणि कोंबड्या धावत आल्या. तिनं त्यांना हाकललं नाही. मला म्हणाली, दूध नाही, घेऊन या. मी भर उन्हात हिलालकडे गेलो, त्याच्या बायकोनं म्हैस, दूध, मेथी या विषयांवर जे काय ऐकवायचं ते ऐकवलं, ते मी मुकाट्यानं ऐकलं आणि तांब्या घेऊन परत आलो.

दारातूनच आवाज ऐकू आला. दोघी भांडत होत्या. सोनगीरला कावळा आला तेव्हा आधी कोणाचा शब्द निघाला होता, यावर. समोरासमोर, एकमेकींचं नाव घेऊन, हातवारे करून, मध्ये कोणी नाही. मी तांब्या चुलीशी ठेवला, परसात गेलो आणि खाट शेवग्याच्या सावलीत ओढून घेतली.